चेअरमनचा परण्या

शिरूर कासारच्या बाजूला एका वाडीत भिवराबाई राहायची. तिला सगळे चाबुकस्वारीण म्हणायचे, पण तिच्या घरात चाबूक नव्हता. असता तर तिनं तो घोड्यावर नाही, नवऱ्यावर चालवला असता, असं गावाचं मत होतं. तिचा बाप निजामाच्या काळात एका जहागीरदाराच्या पागेत चाबुकस्वार होता, म्हणजे घोडे शिकवायचा. त्याला मुलगा झाला नाही, म्हणून त्यानं शिंगरांच्या जोडीनं मुलगीच वाढवली. पुढं जहागीर गेली, पागा गेली, बापही गेला. भिवराबाईकडं ते नाव राहिलं आणि विद्या राहिली.

या बाईच्या वाट्याला जो काही धीर आला होता तो सगळा घोड्यांवरच खर्च व्हायचा. माणसांसाठी काही शिल्लक राहत नसे. नवरा शहादेव गरीब स्वभावाचा. त्यानं जेवताना दुसऱ्यांदा मीठ मागितलं की ती म्हणायची, "एकदा आयकलंय. कान फुटले न्हाईत माजे!" पण दारात बुजरं शिंगरू आलं की हीच बाई सुपात शेंगा घेऊन, त्याच्याकडं पाठ करून अंगणात बसायची. शिंगरू लांबून फुरफुरायचं, पाय आपटायचं. ही ढुंकून बघायची नाही. दुपार कलली तरी शेंगा फोडणं चालूच. शेवटी शिंगराला राहवायचं नाही. ते तिरकं तिरकं, थोडं पुढं थोडं मागं करत यायचं आणि तिच्या पदराचा वास घ्यायचं.

"आलास का बाबा? घे," असं म्हणून ती खांद्यावरून मागं एक शेंग धरायची. झाली शिकवणी सुरू.

कुणी विचारलं की सांगायची, "रागानं बगितलं की जनावर पळतं. लई मायेनं बगितलं तरी पळतं. बगायचंच न्हाई. दोर ढिला सोडायचा, नजर खाली, छातीतला वारा सोडून द्यायचा. त्याला यायला जागा ठिवायची."

तिची स्वतःची घोडी मंजुळा. पांढरी, पोटानं जरा मोठी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याचं सगळं खोटं आहे पण आपल्याला बोलायचं नाही. मंजुळा परण्याची घोडी होती. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. इतर घोडीवाले नवरदेवाला उचलून पाठीवर टाकायचे आणि मोकळे व्हायचे. भिवराबाईचा कायदा वेगळा. हळद लागायच्या आधी नवरदेवानं तिच्या अंगणात यायचं, हातात दोर घ्यायचा आणि मंजुळाला विहिरीपर्यंत चालवत नेऊन आणायचं. आधी जमिनीवर ओळख, मग पाठीवर जागा. ज्याच्यामागं मंजुळा चालली नाही, त्याला ती पाठीवर घेत नसे.

नांदूरघाटचा एक पैलवान नवरदेव असाच आला होता. त्यानं दोर मनगटाला गुंडाळला आणि रस्सीखेच लावली. मंजुळानं डोळे मिटले. पैलवानानं मांड्या ठोकल्या, दम धरला, पुन्हा ओढलं. मंजुळाला झोप लागली. संध्याकाळ व्हायला आली तसा तो रडकुंडीला येऊन खाली बसला आणि म्हणाला, "चल की माजे आई!" मंजुळानं डोळे उघडले आणि विहिरीकडं चालू लागली. त्या पैलवानाचा संसार फार चांगला झाला. त्याची बायको कुणालाही सांगायची, वळण भिवराबाईनं लावलंय. तेव्हापासून मुलींच्या आया मुलाची शेती विचारायच्या आधी विचारू लागल्या, की घोडी याच्यामागं चालली का?

मंजुळाचं आणखी एक शिक्षण सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. एकदा एका गावात एकाच दिवशी दोन लग्नं होती. मारुतीचं दर्शन झालं आणि मुलीकडची माणसं न्यायला यायच्या आधीच मंजुळा हरभऱ्याच्या वासावर निघाली ती थेट दुसऱ्याच मांडवात. नवरदेव मुंडावळ्यांच्या आडून बघतो तर समोर अनोळखी सासरा. अक्षता पडायच्या बेतात होत्या. दोन्ही वऱ्हाडांनी मिळून शहादेवला धुतला, कारण भिवराबाईला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग भिवराबाईनं मंजुळाला पक्कं शिकवलं. मारुतीसमोर उभं राहायचं. कुणी ओढो, ढकलो, आरडो, हलायचं नाही. नवरीचा भाऊ येईल, डाव्या बाजूनं दोर धरील आणि "चला दाजी" म्हणेल, मगच मांडवाकडं पाऊल टाकायचं. बहिणीच्या नवऱ्याला इकडं दाजी म्हणतात. हे शिकवायला अख्खा उन्हाळा गेला. कडब्याच्या पेंढीला फेटा बांधून तिला नवरदेव केलं होतं आणि शहादेवला नवरीचा भाऊ. रोज सकाळी तो बिचारा त्या पेंढीला हात जोडून म्हणायचा, "चला दाजी." रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पण घोडी शिकली. एकदा शिकलं की मंजुळा विसरत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींना तळ दिसला. लग्नं झाली ती गूळपाण्यावर, तिथं घोडी कोण सांगणार? कडबा संपला, छपराचं गवत मंजुळानं खाल्लं आणि एके दिवशी तिनं शहादेवची टोपी खाल्ली. मंजुळाच्या फासळ्या दिसायला लागल्या तशी भिवराबाई स्वतःची भाकर अर्धी मोडून तिला द्यायला लागली.

शहादेव दसरा झाला की ऊस तोडायला जाणार होता. तो एका रात्री भीत भीत म्हणाला, "भिवरे, मी गेल्यावर तू हिला काय घालशील? बाजारचा व्यापारी येतो म्हनलाय. देऊन टाकू. कुठं तरी खाऊन जगंल तरी."

भिवराबाई नेहमीप्रमाणं ओरडली नाही, यावरूनच तिला किती लागलं ते समजावं. तिनं व्यापाऱ्याला यायला हो म्हटलं आणि उठून मंजुळाच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

एकच आशा होती, ती छावणीची. वाडीपासून जवळच 'नियोजित सहकारी साखर कारखाना' होता. म्हणजे पाटी होती, जीप होती, चेअरमन होता, संचालक होते आणि त्यांची भांडणं होती. फक्त ऊस, पाणी आणि कारखाना या तीन गोष्टी अजून यायच्या होत्या. त्या मोकळ्या माळावर चेअरमन अर्जुनरावांनी सोसायटीतर्फे जनावरांची छावणी काढली होती. ट्रकांनी कडबा यायचा, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं यायचं. भिवराबाई मंजुळाला घेऊन गेली तर फाटकावर कारकून रामहरी उभा. त्यानं मंजुळाला पुढून बघितलं, मागून बघितलं.

"मावशी, हिची शिंगं कुठायत?"

"तुजी कुठायत?"

"माजं जाऊ द्या. गाय, बैल, म्हैस, एवढंच घ्यायचा हुकूम हाय. शिंगं न्हाईत, जागा न्हाई."

भिवराबाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, पण फाटक उघडलं नाही. ती परत आली आणि त्या दिवशी तिनं भाकर खाल्लीच नाही. सगळी मंजुळाला घातली.

त्याच सुमाराला चेअरमन अर्जुनराव स्वतःच्याच जिभेमुळं अडचणीत आले. कारखान्याच्या भूमिपूजनाला मंत्री येणार होते. त्याच्या बैठकीत बंकट उठला. बंकट हा संचालक, अर्जुनरावांचा कट्टर विरोधक आणि त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईचा, सख्खा धाकटा भाऊ. चेअरमनपदाच्या निवडणुकीत दाजींनी त्याला पाडलं तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तुळजाबाईला पंचमीला माहेरचं बोलावणं आलं नव्हतं आणि भाऊबीज ती डोळे पुसत काढायची.

बंकट भरसभेत म्हणाला, "मिरवणूक कशाला काढता? आमच्या चेअरमनला खुर्चीवर चढलं की उतरता येत न्हाई. मंत्र्यासमोर खुर्चीसगट उचलून न्यावं लागंल!"

सभा हसली. अर्जुनराव तापले आणि म्हणाले, "खुर्ची कशाला बे? घोड्यावर बसून येतो! बग तू!"

बोलून गेले आणि घरी जाऊन अंथरुणात पडले. त्यांना घोड्याची भीती वाटायची. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांचा परण्या बैलगाडीतून निघाला होता. तुळजाबाई ते अजून पाहुण्यांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी जीप भिवराबाईच्या दारात उभी राहिली. मोठ्या फेट्याचा, मोठ्या मिशांचा, त्याहून मोठ्या पोटाचा चेअरमन दबक्या आवाजात म्हणाला, "भिवराबाई, मला घोड्यावर बसायला शिकवा. पडू मात्र देऊ नगा."

"शिकवते," भिवराबाई म्हणाली. "माज्या मंजुळाला छावणीत घ्या."

"तिला शिंगं न्हाईत. बंकट त्याच मुद्द्यावर बोंबलंल. म्हनंल, चेअरमननं घोडी घुसवली."

"मग तुमी चालत जावा."

अर्जुनराव तिथंच कबूल झाले. न पडता भूमिपूजनाच्या मांडवात पोचलो तर घोडी छावणीत, काय व्हायचं ते होवो. व्यापारी भूमिपूजनाच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणजे भिवराबाईचं सगळं आता या पोटावर अवलंबून होतं, आणि ते पोट घोडीवर राहण्यावर.

शिकवणी सुरू झाली. अर्जुनरावांना वाटलं होतं, लगेच वर बसवतील. भिवराबाईनं हातात दोर दिला.

"इहिरीपर्यंत चालवत न्या."

अर्जुनराव घोडीसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे बग मंजुळा, आज आपल्या तालुक्यासमोर जी परिस्थिती हाय..."

सवयच तशी. समोर कुणी गप्प उभं राहिलं की त्यांना भाषण यायचं. मंजुळानं जांभई दिली आणि हळूच वळून चेअरमनकडं पाठ केली. अर्जुनराव वळसा घालून पुन्हा समोर आले. तिनं पुन्हा पाठ केली. दोघं गोल गोल फिरत राहिले. ओट्यावर बसलेली तुळजाबाई, जी नवऱ्याबरोबर मुद्दाम जीपमधून आली होती, पदर तोंडात कोंबून हसत होती.

"कावून वळते ही?" अर्जुनराव घामाघूम होऊन म्हणाले.

"सभेत लोकं बसून ऱ्हातात, त्यान्ला चहा मिळतो," भिवराबाई म्हणाली. "हिला काय मिळतंय? तोंड बंद करा. दोर ढिला सोडा. नजर खाली. वारा सोडा."

"काय सोडू?"

"छातीतला!"

अर्जुनरावांना दोर ढिला सोडायला कुणी आयुष्यात शिकवलं नव्हतं. त्यांनी सोसायटी धरून ठेवली होती, खुर्ची धरून ठेवली होती, अढीही धरून ठेवली होती. बोटं उघडेचनात. भिवराबाई एकेक बोट सरळ करायची, की मागचं पुन्हा मिटायचं. पण कितीतरी सकाळी घोटवल्यावर एके दिवशी ते दमून, खरोखरच हरून उभे राहिले. मान खाली, हात लोंबते, तोंडातून मोठा सुस्कारा. मंजुळा मागून आली आणि तिनं आपली हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली.

अर्जुनराव हललेच नाहीत. तसेच उभे राहून म्हणाले, "तुळजे, बगितलंस का? सोताहून आली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुळजाबाई त्या दिवशी हसली नाही.

त्यानंतर ओट्यावरून पाठीवर बसणं जमलं, वाडीतून एक फेरी जमली. उतरणं तेवढं जमेना. पाय फिरवायचा म्हटलं की अर्जुनराव डोळे मिटून मानेला मिठी मारायचे. मग भिवराबाई एका बाजूनं आणि शहादेव दुसऱ्या बाजूनं त्यांना पोत्यासारखं खाली घ्यायचे. "उतरायचं उद्या शिकवते," असं भिवराबाई रोज म्हणायची. तो उद्या यायच्या आधी भूमिपूजन आलं.

त्या दिवशी मंजुळाला झूल घातली, कपाळाला गोंडा बांधला. अर्जुनराव जरीचा फेटा बांधून, गळ्यात हार घालून वर बसले. पुढं बँड होता. या बँडला लग्नाशिवाय दुसरं काही वाजवता येत नव्हतं आणि वर्षभर लग्नच न मिळाल्यामुळं तो भुकेला होता. त्यानं परण्याची चाल सुरू केली.

भिवराबाईनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ती ऐटीत होती. चेअरमन ताठ बसलेत, पडत नाहीत, उद्या मंजुळा कडबा खाणार, एवढंच तिला दिसत होतं. मंजुळाला मात्र वेगळंच दिसत होतं. फेटा आहे, हार आहे, चाल आहे, मागं बायका आहेत. तिनं कान टवकारले. कितीतरी दिवसांनी काम निघालं होतं.

गावाबाहेर रस्ता फुटतो. उजवीकडं कारखान्याचा माळ, डावीकडं मारुती. मंजुळा डावीकडं वळली.

"अगं, तिकडं न्हाई! हिकडं!" अर्जुनराव ओरडले. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम बदलला, तेही डावीकडं वळले. लोकांचं काय, बँड जाईल तिकडं लोक. मंजुळा ठुमकत देवळासमोर गेली, मारुतीकडं तोंड करून उभी राहिली आणि तिनं चारही पाय रोवले.

भिवराबाईनं कपाळावर हात मारला. हे सगळं तिनंच शिकवलेलं. अख्खा उन्हाळा घालवून, शहादेवच्या तोंडून वदवून शिकवलेलं.

तिकडं माळावर मंत्री येऊन बसल्याचा निरोप आला. इकडं लोकांनी घोडीला ढकललं, ओढलं, गूळ दाखवला. मंजुळानं गूळ खाल्ला आणि पुन्हा पाय रोवले. चेअरमनला उतरवू म्हटलं तर चेअरमन मानेला मिठी मारून बसले. "उतरायचं शिकवलं न्हाई मला! पडलो तर मंजुळाची बोली मोडंल!"

"घोडीला नवरीचा भाऊ पायजे," भिवराबाईनं अखेर सांगून टाकलं. "कुणी तरी दोर धरा आन् म्हना, चला दाजी."

कुणी पुढं होईना. जो तो दुसऱ्याकडं बघू लागला. दोन शब्द म्हणायला कुणाचं काय जात होतं? पण मारुतीसमोर, फेटा-हार घातलेल्या माणसाचा दोर धरून दाजी म्हणायचं म्हणजे आपली बहीण त्याला दिल्यासारखंच. प्रत्येकाची बहीण कुठं ना कुठं नांदत होती. उद्या तिच्या सासरी काय तोंड दाखवायचं? शेवटी कारकून रामहरी पुढं आला. त्याला बहीणच नव्हती, म्हणून त्याचं काही बिघडणार नव्हतं.

"खबरदार!" गर्दीतून तुळजाबाईचा आवाज आला. रामहरी जागीच थिजला. "माजा भाऊ मेला न्हाई अजून. त्यो बगा तिथं बसलाय."

सगळ्यांनी बघितलं. मारुतीच्या पारावर बंकट पान चघळत बसला होता. चेअरमन पडतो की काय ते बघायला तो मिरवणुकीच्या मागं मागं आला होता.

"बंकट! इकडं ये!" अर्जुनरावांनी घोडीवरूनच हुकूम सोडला. बंकटनं मान फिरवली. "मंत्री बसलेत बे! तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न हाय!" बंकटनं उठून पाठ केली. बहिणीनं हात जोडले तर तो आणखी एक पाऊल मागं सरकला. लोक त्याच्याकडं टक लावून बघत होते आणि जितके बघत होते तितका तो आकसत होता.

भिवराबाई त्याच्या पायांकडं बघत होती. जायचं म्हणून पाय उचलत होता, पण जात नव्हता. मान तिकडं, पण कान इकडं. हे शिंगरू तिनं जन्मभर ओळखलेलं होतं.

"थांबा सगळे!" ती ओरडली. "त्याच्याकडं कुणी बगू नगा! पाठी फिरवा! बँडवाले, तुमीबी! तुळजाबाई, तुमीबी!"

भिवराबाई ओरडली की गाव ऐकतं. अख्ख्या गावानं बंकटकडं पाठ केली. ढोलवाल्यानं ढोलासकट पाठ केली. पुजारी घाईघाईत मारुतीकडं तोंड करून उभा राहिला.

"चेअरमन," ती हळू आवाजात म्हणाली. मंजुळाशी बोलतानाचा हा आवाज माणसासाठी पहिल्यांदाच निघाला होता. "काय शिकवलं व्हतं?"

अर्जुनरावांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी तोंड मिटलं. मुठीतला दोर सोडला, एकेक बोट करून. नजर खाली केली. आणि छातीत किती वर्षांचा कोंडला होता कुणास ठाऊक, तो वारा सोडून दिला. खांदे खाली आले. फेटा जरा कलला, तो त्यांनी सावरला नाही.

दोर खाली लोंबत होता. भिवराबाईला वाटलं, झालं, उद्या व्यापारी येणार आणि मंजुळा जाणार. तिनंही डोळे मिटले. पण मागं वळून बघितलं नाही, बंकटला यायला जागा ठेवायची होती.

मागं चपला वाजल्या. थांबल्या. पुन्हा वाजल्या. बंकट सरळ येत नव्हता, तिरका तिरका येत होता, थोडं पुढं थोडं मागं. पारावरून उतरला, लिंबाच्या झाडापाशी थांबला, उगाच चप्पल झटकली. घोडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. त्यानं लोंबता दोर उचलला.

मग तोंडातलं पान थुंकून तो मान खाली घालून म्हणाला, "चला दाजी."

मंजुळा निघाली.

गावानं असा काही गिल्ला केला, की माळावर बसलेले मंत्री दचकून उठले. बँडनं आता खरोखरच लग्न वाजवायला घेतलं. मागून तुळजाबाई हसत, रडत, फेटा सावरा फेटा सावरा म्हणत येत होती. मंजुळा मांडवात शिरली ती थेट मंत्र्यांसमोर. मंत्र्यांना वाटलं, इकडं भूमिपूजनाची अशीच रीत असेल. त्यांनी पूजेच्या ताटातल्या अक्षता उचलून चेअरमनच्या डोक्यावर टाकल्या. भटजीनं सवयीनं "सावधान" म्हटलं.

मग चेअरमनला उतरवायचं निघालं. अर्जुनरावांनी डोळे मिटले आणि मानेकडं हात नेले. बंकट खालून म्हणाला, "दाजी, मी म्हनलो व्हतो, चढलं की तुमाला उतरता येत न्हाई." आणि खांदा पुढं केला. अर्जुनराव त्या खांद्यावर सगळा भार टाकून खाली आले. दोघंही मंत्र्यांच्या पायाशी बसकण मारून पडले. पण घोडीवरून पडले नाहीत, हे भिवराबाईनं जमलेल्या सगळ्यांकडून तिथल्या तिथं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तर अंगण रिकामं. भिवराबाई मंजुळाला घेऊन छावणीच्या फाटकावर उभी होती. रामहरी आडवा उभा. तो तरी काय करणार? हुकूम तोच होता.

"मावशी, शिंगं..."

एवढ्यात जीप आली. अर्जुनराव आणि बंकट एकाच जीपमधून उतरले. रात्री बंकट बहिणीकडंच जेवायला राहिला होता आणि दोघांचे डोळे जागरणानं लाल होते. रामहरीनं सांभाळून विचारलं, "साहेब, ह्या जनावराला शिंगं न्हाईत. काय करू?"

अर्जुनरावांनी भाषणाला घसा खाकरला. मग गप्प बसले आणि बंकटकडं बघितलं. बोंबलायचं ते त्यानंच बोंबलायचं होतं.

बंकट म्हणाला, "आमच्या दोघांची घे लावून. आमाला आता नकोत."

फाटक उघडलं. बैलांनी माना वर करून नव्या पाहुणीला बघितलं. मंजुळानं त्यांच्याकडं अजिबात लक्ष दिलं नाही. ती सरळ कडब्याच्या गंजीपाशी गेली आणि खायला लागली. तो कडब्याचा करकर आवाज भिवराबाईनं किती दिवसांनी ऐकला. तिला रडू आलं. लपवायला तिनं मंजुळाकडं पाठ केली, तर समोर शहादेव.

तोही डोळे पुसत होता. भिवराबाई त्याला काहीतरी लागट बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिनं ते मिटलं, नजर खाली केली आणि छातीतला वारा सोडला.

शहादेवनं इकडंतिकडं बघितलं. बायको गप्प उभी आहे म्हणजे काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो तिरका तिरका आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"आलास का?" भिवराबाई म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीत मंजुळासाठी राखून ठेवलेली एक शेंग काढून तिनं त्याच्या हातावर ठेवली.